पंगतीतली वेगळी वाटी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

साखरपुडा हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातली साखर आता कुणाला दिसतच नाही. साखरपुडा म्हटलं की हॉल, अंगठ्या, फोटो आणि बुफे डोळ्यांपुढे येतात. पण शब्द नीट पाहा. साखरेचा पुडा! वरपक्षाच्या बायकांनी मुलीची ओटी भरायची, तिच्या हातात साखरेचा पुडा द्यायचा आणि लग्न ठरलं असं चारचौघांत जाहीर करायचं. एवढ्याशा पुड्यावर दोन घरं जोडली जात. ज्या वस्तूच्या पुड्याला असा मान होता, ती वस्तू रोजच्या डब्यात नव्हती हे उघड आहे.

मराठी भाषेत अशा खुणा जागोजाग आहेत. राजघराण्यात मुलगा झाला की हत्तीवरून साखर वाटत. चांगली बातमी आणणाऱ्याला 'तुझ्या तोंडात साखर पडो' म्हणत. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी येई, आणि तो गुळाचा खडा सुपारीएवढा असे. या सगळ्यात गोडाचं महत्त्व फार मोठं आहे आणि माप मात्र फार लहान. चिमूट, खडा, पुडा. आपल्या गोडाच्या इतिहासाची गुरुकिल्ली इथंच आहे असं मला वाटतं.

आज घरोघरी 'कमी साखरेचं गोड' हा चर्चेचा विषय झाला आहे. गणपती आले, दिवाळी आली, नातवाचं बारसं ठरलं की स्वयंपाकघरात पहिला प्रश्न येतो, 'आजोबांसाठी वेगळं काय करायचं?' बहुतेकांना वाटतं की ही नव्या काळाची, आजारामुळे गळ्यात पडलेली तडजोड आहे. पण मराठी घरांवर साखर आवरण्याची पाळी आली आहे ती काही पहिल्यांदा नव्हे. जरा मागं जाऊन पाहिलं तर ही चौथी वेळ आहे. आधीच्या तीन वेळा आपण काय केलं, हे पाहिलं तर आजचा पेच सोडवायला मदत होईल.

साखर दुर्मीळ होती तेव्हा

पहिली वेळ म्हणजे शेकडो वर्षांचा जुना काळच. ऊस आपल्याकडे प्राचीन. संस्कृतातल्या 'शर्करा' या शब्दावरून आपली 'साखर' आली, आणि अरबी, फार्सीच्या वाटेनं हाच शब्द युरोपात पोचून इंग्रजांची 'शुगर' झाला. आपल्या नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, कळवण या भागात मोसम, आरम, गिरणा नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीनं पाणी वाटून घेत. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. गावानं मिळून पाणी वापरायचं, कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते मिळून ठरवायचं. त्यात एखादा फड उसाचा असे. त्या उसाचा गूळ होई. पण उसाला पाणी लागतं, गुऱ्हाळाला जळण लागतं, माणसं लागतात. म्हणून गूळ मोलाचा, आणि दाणेदार साखर त्याहून मोलाची.

तेव्हाचं गोड कशाचं होतं? धान्याचं, दुधाचं, खोबऱ्याचं, तिळाचं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात खाद्यपदार्थांचं वर्णन आहे. त्यात गव्हाच्या 'मंडक' नावाच्या पदार्थाचा उल्लेख येतो. हेच आपले मांडे. मांड्यांची आठवण ज्ञानेश्वरादी भावंडांच्या आख्यायिकेतही आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताबाई खापर आणायला गेली, पण गावातल्या विरोधकानं तिला खापर मिळू दिलं नाही. शेवटी ज्ञानेश्वरांनी योगबळानं आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, अशी ती कथा. त्या निवृत्तिनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरला आहे. ही कथा चमत्कारासाठी सांगितली जाते, पण तिच्यात एक घरगुती सत्यही आहे. गोड खायची इच्छा होणं हा त्या घरात एक प्रसंग होता. त्यासाठी खापर आणावं लागे, जाळ करावा लागे, कुणाला तरी राबावं लागे.

ते खापर आपल्या भागात अजून आहे. मालेगाव-सटाण्याकडे आणि खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, खापराची पुरणपोळी होते. मोठं मातीचं खापर चुलीवर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत फिरवत परातीएवढी करायची आणि खापरावर टाकायची. सोबत आंब्याचा रस. या पोळीला कसब लागतं, दोघी-तिघी जणी लागतात. ती रोज करणं शक्यच नाही. लग्नाघरी गव्हल्यांची खीर असे. गव्हल्याचा एकेक दाणा बायका आठवडेच्या आठवडे हातानं वळत. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागात नागली पिकते. तिथं सणाचं गोड नागलीच्या पिठात गूळ घालून होई.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'आपले पूर्वज कमी गोड खात, म्हणून निरोगी होते' असं आपण सरसकट म्हणतो. पाककृती पाहिली तर ते खरं नाही. पुरणाचं रूढ माप वाटीभर डाळीला वाटीभर गूळ. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, तूप, साखर सगळं सव्वा-सव्वा. श्रीखंडाला जेवढा चक्का तेवढी साखर. म्हणजे जुना पदार्थ चांगलाच गोड होता. कमी होते ते त्याचे दिवस आणि कमी होता त्याचा वाटा. वर्षातून चार-सहा वेळा पुरण, आणि ते खाणारा माणूस नांगर धरणारा, नाहीतर दोन कोस चालून आलेला.

मधुमेह तेव्हाही होताच. चरक-सुश्रुतांना तो ठाऊक होता आणि बसून खाणाऱ्यांना तो होतो हेही त्यांनी हेरलं होतं. चरकसंहितेत अशा रोग्याच्या आहारात जवाला, म्हणजे सातूला, महत्त्वाचं स्थान आहे. सुश्रुतसंहितेत निर्धन रोग्याला शंभर योजनं चालायला आणि विहीर खणायला सांगितलं आहे. आजचा डॉक्टर सकाळी अर्धा तास चाला म्हणतो तेव्हा आपण कुरकुरतो. विहिरीपेक्षा ते पुष्कळ बरं!

मोरस आणि स्वदेशी

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. मुंबई बंदरात मॉरिशसहून, चीनहून आणि पुढं जावाहून पांढरी साखर उतरू लागली. जुनी माणसं तिला 'मोरस' म्हणत. हा शब्द मॉरिशसवरूनच आला, आणि गुजरातीत साखरेला मोरस म्हणण्याची रीत अजून आहे. ही साखर पांढरीशुभ्र, एकसारख्या दाण्याची. शहरातल्या सुखवस्तू घरांत गुळाची जागा ती घेऊ लागली.

मग १९०५ साली वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ पेटली. महाराष्ट्रात टिळकांच्या नेतृत्वाखाली परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्काराची हाक दिली गेली. परदेशात साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरत, ही गोष्ट खरी होती. त्यामुळे देवाच्या नैवेद्यात ही साखर कशी चालेल, असा सवाल उभा राहिला. राजकारण आणि सोवळं दोन्ही एकत्र आल्यावर घरातल्या बायकांना निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. अनेक घरांतून परदेशी साखर बाहेर गेली आणि सणाच्या पक्वान्नात देशी साखर, नाहीतर गूळ आला. नाशिक तर तेव्हा राष्ट्रीय चळवळीनं भारलेलं गाव.

साखर आवरण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी परिस्थितीनं हात आखडला होता, या वेळी लोकांनी आपणहून आखडला. पण दोन्ही वेळा एक गोष्ट सारखी होती. जे ठरलं ते घरातल्या सगळ्यांसाठी ठरलं. आजोबांना गुळाची पोळी आणि नातवाला मोरस साखरेची, असं घडलं नाही.

ऊस दारात आला

दारणा धरण १९१६ साली पूर्ण झालं. गोदावरीच्या कालव्यांचं पाणी निफाड, कोपरगाव या भागात खेळू लागलं आणि उसाला बारमाही आधार मिळाला. १९३२ साली सरकारनं साखर धंद्याला जकातीचं संरक्षण दिलं. बाहेरची साखर महाग झाली आणि देशात कारखान्यांची रांग लागली. तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभरावर गेले. आपल्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी माळरानावर उसाची शेती उभी केली आणि १९३३ साली रावळगावचा साखर कारखाना सुरू झाला. पुढं त्याच रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांनी दोन-तीन पिढ्यांचं बालपण गोड केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्स समूहातल्या कंपनीनं विकत घेतले, तेव्हा अनेकांना शाळेबाहेरचं दुकान आठवलं असेल.

शेजारच्या नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीनं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली त्याचं धुराडं पेटलं. मग आपल्याकडेही निफाड, पळसे, विठेवाडी, कादवा अशी नावं तयार झाली. त्यांतल्या काहींची धुराडी पुढं थंड झाली हा वेगळा विषय. पण या कारखान्यांनी शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला, गावात शाळा-कॉलेजं आणली, हे विसरून चालणार नाही. साखरेला नावं ठेवताना उसावर जगणारं आपलं माणूस डोळ्यांपुढं असलं पाहिजे.

गंमत अशी की साखर अंगणात पिकू लागली तरी ताटात मनमुराद आली नाही. मध्ये दुसरं महायुद्ध आलं. १९४२ पासून साखरेवर सरकारी नियंत्रण बसलं. स्वातंत्र्यानंतर गांधीजींनी नियंत्रणं उठवण्याचा आग्रह धरला आणि डिसेंबर १९४७ मध्ये साखर मोकळी झाली. पण भाव चढले आणि १९४९ साली नियंत्रण परत आलं. पुढंही नियंत्रण कधी उठे, कधी बसे. १९६७ पासून लेव्हीची साखर आणि खुली साखर अशी दुहेरी पद्धत आली. लेव्हीची स्वस्त साखर रेशनवर, खुल्या बाजारातली महाग. कारखान्यांवरची ही लेव्ही उठली ती थेट २०१३ साली.

ही तिसरी वेळ, आणि ती अनेकांच्या आठवणीतली आहे. रेशनकार्डावर माणशी मोजून साखर. दिवाळीत थोडी जादा मिळेल का याची वाट पाहायची. घरात लग्न निघालं की जादा साखरेच्या परमिटसाठी सरकारी कचेरीत खेटे घालायचे. त्या काळात गृहिणींनी जे केलं त्याला पाकशास्त्रात तोड नाही. साखर दिवाळीसाठी बाजूला ठेवून चहा गुळाचा केला. पाकातल्या लाडवांऐवजी बेसनाचे केले, त्यात पिठीसाखर बेतानं घातली. करंजीच्या सारणात खोबरं आणि खसखस वाढवली. खिरीत साखर कमी पडली तर दूध जास्त आटवलं, वेलदोडा-जायफळ सढळ हातानं घातलं. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापात पाककृती घरोघरी पोचल्या. तोवर साखर डोळ्यांत तेल घालून मोजण्याची सवय घराघराला लागलेली होती.

सण थांबले का? नाही. उलट त्या काळातल्या दिवाळीच्या आठवणी लोक अधिक जिवाभावानं सांगतात.

आताची चौथी वेळ

मग सुबत्ता आली, आणि तिचं स्वागतच आहे. पण तिच्याबरोबर गोडाचं पंचांग मोडलं. आता वाढदिवसाला केक, निकालाला पेढे, ऑफिसात कुणी गाडी घेतली की काजूकतली, रविवारी जिलेबी, पाहुणे आले तर मिठाईचा खोका, जेवणानंतर आइस्क्रीम. दिवसातून तीन वेळा चहातली साखर तर आपण मोजतच नाही. म्हणजे सणाचं माप तसंच राहिलं आणि रोजच सण झाला. चालणं मात्र कमी झालं. कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला जायलाही आपल्याला दुचाकी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. आता आपल्या वाटीचा हिशेब करू. २०० ग्रॅम डाळीला २०० ग्रॅम गूळ घेऊन दहा पोळ्या केल्या तर एका पोळीत २० ग्रॅम गूळ आला. चक्का आणि साखर समसमान घेऊन केलेल्या श्रीखंडाच्या १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर. एका वाटीत दोन दिवसांचा कोटा!

आपल्या शरीराचाही इतिहास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं दिसायला किरकोळ असली तरी त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबीचं प्रमाण त्या मानानं जास्त आढळलं. पिढ्यान् पिढ्यांच्या तुटपुंज्या आहाराचा याच्याशी संबंध असावा असं मानलं जातं. अशा शरीराला पुढं भरपूर खाणं आणि बैठं काम मिळालं की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह गाठतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानं झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणजे ज्या पंगतीत पन्नास माणसं बसली आहेत, तिथं मधुमेही एकटे आजोबा नसतात. काहींना ठाऊक असतं, काहींना ठाऊक नसतं आणि काहींना लवकरच ठाऊक होणार असतं. आणि तरीही आपण काय करतो? सगळ्यांसाठी नेहमीचं गोड करतो आणि एका माणसासाठी वेगळी वाटी ठेवतो. त्या वाटीत बिनसाखरेची खीर असते, बरेचदा बेचव, कारण ती शेवटी उरकलेली असते. जिनं चाळीस वर्षं या घराला पुरणपोळी खाऊ घातली, तिच्याच पानात सणाच्या दिवशी ती वाटी येते. वाढणारा सगळ्यांना आग्रह करतो आणि तिच्यापाशी आला की हात मागं घेतो. 'तुम्हाला नाही हं.' त्यात काळजी असते, प्रेम असतं, पण चारचौघांत वेगळं पाडणंही असतं. मग अशी माणसं रात्री फडताळातून गुपचूप लाडू खातात, आणि सकाळी साखर वाढली म्हणून घर त्यांच्यावर रागावतं.

आधीच्या तीन वेळा आणि आताच्या वेळेत फरक आहे तो हाच. टंचाईत, स्वदेशीत, रेशनमध्ये साखर घराची कमी झाली. आता ती एकट्याची कमी होते. इतिहासाकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्यावं की माप बदलायचं ते अख्ख्या पंगतीचं बदलावं.

सगळ्यांसाठी एकच पातेलं

हे कसं साधायचं? साखर पदार्थात काय काम करते ते आधी पाहू. काही ठिकाणी ती फक्त गोडी देते आणि काही ठिकाणी पदार्थ उभा करते. जिलेबी, गुलाबजाम, पाकातले रव्याचे लाडू, चिक्की, तिळाची वडी यांत पाकावरच सगळा डोलारा आहे. तिथं साखर-गूळ कमी केला तर पदार्थ बिघडतो. असे पदार्थ लहान करावेत, क्वचित करावेत. बोराएवढा तिळाचा लाडू देऊनही 'गोड बोला' म्हणता येतं.

खीर, बासुंदी, पुरण, शिरा, श्रीखंड, मोदकाचं सारण, दुधीचा किंवा गाजराचा हलवा यांत मात्र हात आखडता येतो. पुरणाला डाळीच्या निम्मा गूळ घालून पाहा. डाळ मऊ शिजू द्यावी, पुरण फार कोरडं होऊ देऊ नये, चिमूटभर मीठ, वेलदोडा, जायफळ घालावं. अशा पोळीत १० ग्रॅमच गूळ येतो. फक्त ती फार दिवस टिकत नाही, कारण गूळ टिकवण्याचंही काम करतो. अर्धा किलो चक्क्याला २०० ग्रॅम साखर पुरते. श्रीखंड फ्रीजमधून काढून लगेच वाढू नये, फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्याची ५० ग्रॅमची लहान वाटी वाढली तर पोटात जाणारी साखर १४-१५ ग्रॅमवर येते. पिकलेल्या आंब्याच्या रसात साखर घालणं ही निव्वळ सवय आहे. मोदकाच्या सारणात खोबरं वाढवून गूळ तिसऱ्या हिश्शावर आणता येतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचं सव्वाचं माप मोडायला मन धजत नसेल तर मोडू नका. ते माप देवाचं आहे, पण द्रोण भरून द्यायला देवानं सांगितलेलं नाही. प्रसाद चमचाभरच असतो.

एकदम निम्म्यावर येऊ नये. पहिल्या सणाला पाव हिस्सा कमी करावा, पुढच्या सणाला आणखी थोडा. जीभ हळूहळू सरावते.

दोन भ्रम मात्र टाळायला हवेत. पहिला गुळाचा. गूळ चवीला उत्तम, पण १०० ग्रॅम गुळात ऐंशी-नव्वद ग्रॅम साखरच असते. मध आणि खजूर यांची गोष्ट फार वेगळी नाही. आपल्या नाशिकच्या द्राक्षांच्या मनुक्यातही निम्म्याहून अधिक साखर असते. ते घालावेत, पण मोजून. आणि साखर काढली तरी रवा, तांदूळ, मैदा उरतोच, त्याचीही शेवटी साखरच होते.

दुसरा भ्रम गोळ्यांचा आणि पुड्यांचा. सॅकरिन १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि पहिल्या महायुद्धातल्या साखरटंचाईत युरोपानं ते वापरलं. त्यानंतर अनेक गोडकारकं आली. ती मधुमेही माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं उपयोगी पडू शकतात. अ‍ॅस्पार्टेम मात्र शिजवल्यावर आपली गोडी गमावतं, ते उकळत्या खिरीत घालण्यात अर्थ नाही. वजन आवरण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये दिला. तो आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हेही लक्षात ठेवावं. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी सणाच्या दिवशी काय आणि किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि अशा माणसाची रक्तातली साखर एकदम उतरली तर त्या क्षणी साखरच औषध असते, तेव्हा तिला शत्रू समजण्याचंही कारण नाही.

शेवटी आग्रहाविषयी. पंगतीतला आग्रह हा टंचाईच्या काळातला सद्गुण होता. वर्षातून एकदा पोटभर गोड मिळणाऱ्याला 'अजून एक घ्या' म्हणणं हे औदार्य होतं. जिलेब्या खाण्याच्या पैजा त्याच काळातल्या. आता आग्रहाचा रोख बदलायला हवा. आग्रह करायचाच तर कोशिंबिरीचा करा, मठ्ठ्याचा करा, उसळीचा करा.

पुढच्या आखाजीला चूल पेटेल, खापर तापेल, हातांवर पोळी फिरेल. त्या दिवशी पुरण शिजवताना गुळाचं माप एकदाच ठरवावं आणि ते साऱ्या घरासाठी ठरवावं. आजीलाही त्याच पातेल्यातलं पुरण, त्याच खापरावरची पोळी, लहानसा तुकडा, पण सगळ्यांबरोबर, एकाच पंगतीत.